पँथरच्या गावातलं गटार

दोस्तांनो, भिंतीवर पँथर रंगवताना आपल्यातल्या कुणी कधी विचारलंय का, की हे जनावर आलं कुठनं?

बरेचजण सांगतील, अमेरिकेतनं. जरा वाचणारा सांगेल, ओकलंड, १९६६, ह्युई न्यूटन आणि बॉबी सील. काळी जाकिटं, तिरप्या टोप्या, हातात बंदुका. ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. १९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पोरांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं ते त्यांच्याकडनं. पण ओकलंडच्या पोरांनीसुद्धा तो पँथर उसनाच घेतला होता. कुणाकडनं? अलाबामा राज्यातल्या एका खेडवळ काउंटीकडनं. तिचं नाव लाउंड्स. तिथं ना मोठं शहर, ना फोटोवाले. कापसाची रानं, चिखल आणि त्या चिखलात राबणारी काळी माणसं.

मी आज त्या लाउंड्सबद्दल लिहिणार आहे, आणि तेही तिथल्या गटाराबद्दल. नाक मुरडू नका. गटारापाशी वाढलेल्या पोरांनी तरी गटाराच्या गोष्टीला नाक मुरडू नये. मी वाढलो त्या वस्तीत चाळीस खोल्यांना चार संडास होते आणि त्यातल्या दोनांना दारं नव्हती. त्या चाराचे सहा करायला कुणाची सही लागते, हे कळण्यात माझं सगळं पोरपण गेलं. आपण सगळ्या जगाची क्रांती बोलतो, पण ती सही कुठल्या टेबलावर होते हे आपल्याला ठाऊक नसतं. लाउंड्सच्या माणसांना ते ठाऊक होतं. म्हणून त्यांची गोष्ट.

काउंटी म्हणजे आपल्याकडचा एखादा तालुका समजा. पण आपल्या तालुक्याच्या कचेरीत बदली होऊन आलेला साहेब बसतो. तिथं लोक निवडून देतात. पोलिसांचा मुख्य म्हणजे शेरीफ, तो निवडायचा. घराजमिनीची किंमत ठरवणारा निवडायचा. कर गोळा करणारा निवडायचा. शाळेचं मंडळ निवडायचं. रस्ता कुणाच्या दारापर्यंत डांबरी, शाळा कुठं, जमिनीवर किती कर, ह्यातलं बरंचसं त्या लहानशा गावातल्या कचेरीत ठरतं. लाउंड्सचं ते गाव हेनव्हिल.

आता १९६५ सालचा हिशोब ऐका. काउंटीत दहापैकी आठ माणसं काळी. आणि त्या वर्षाच्या सुरुवातीला मतदार यादीत काळं नाव एकही नाही. शून्य. जमीन? त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी असलेला हिशोब असा की ८६ गोऱ्या घराण्यांकडं ९० टक्के जमीन. काळा माणूस त्याच जमिनीवर बटईनं राबणार, मालकाच्या दुकानात उधारीवर खाणार, मालकाच्या खोपटात झोपणार. कचेरीत त्याच्या वतीनं बोलणारा कुणी नाही, आणि कचेरीत बसणारा मालकाचाच भाऊबंद. गावकुसाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

त्या वर्षी मार्चमध्ये सेल्मा ते माँटगोमेरी हा मोर्चा ह्याच काउंटीतनं, ८० नंबरच्या हमरस्त्यानं गेला. मोर्चा संपला त्या रात्री मोर्चेकऱ्यांना गाडीनं पोचवणाऱ्या व्हायोला लिउझो ह्या गोऱ्या बाईला ह्याच रस्त्यावर गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये जोनाथन डॅनियल्स ह्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला हेनव्हिलमध्ये भरदिवसा मारलं, आणि मारणारा ज्युरीच्या कृपेनं निर्दोष सुटला. ज्युरी अर्थातच सगळी गोरी. ह्या काउंटीला लोक ‘रक्ताळलेली लाउंड्स’ म्हणायचे ते उगाच नाही.

मोर्चातले पुढारी पुढं गेले. स्टोकली कारमायकेल आणि त्याच्या विद्यार्थी संघटनेची काही पोरं मात्र मागं राहिली. घरोघरी फिरली. मतदार म्हणून नाव घाला, एवढंच सांगत फिरली. ऑगस्ट १९६५ मध्ये मताच्या हक्काचा कायदा झाला आणि नावं चढायला लागली. मग मालकांनी काय केलं? जे मालक करतात तेच. नाव घातलं त्या कुळाला जमिनीवरनं हाकललं. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राबलेली कुटुंबं डिसेंबरच्या थंडीत भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर आली. ८० नंबरच्या रस्त्याकडेला काळ्यांच्या हातात असलेल्या जमिनीच्या तुकड्यावर तंबू ठोकले. त्याला ‘टेंट सिटी’ म्हणायचे. रात्री गाड्यांतनं त्या तंबूंवर गोळ्या झाडल्या जायच्या. कुटुंबं तिथं दोनेक वर्षं राहिली.

इथं थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. तंबू ठोकायला जागा मिळाली, कारण तेवढा एक तुकडा आपल्या माणसांच्या मालकीचा होता. तो नसता तर चळवळ त्या डिसेंबरातच गारठून मेली असती. आपल्याकडं दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, ती ह्याच अकलेपोटी. ज्याच्या पायाखाली जमीन नाही त्याचं मत मालकाच्या खिशात. लाउंड्सच्या कुळांनी आणि आपल्या भूमिहीनांनी हा धडा एकाच सुमाराला, एकमेकांना न विचारता, आपापल्या अंगावर गिरवला.

शेतीचा कारभारही तसाच. कुणी किती एकर कापूस लावायचा हे ठरवणारी शेतकऱ्यांची काउंटी समिती होती, सरकारी योजनेखाली. तिचीही निवडणूक व्हायची. १९६५ च्या हिवाळ्यात काळे शेतकरी त्या निवडणुकीला उभे राहिले. तर गोऱ्यांनी मतपत्रिकेवर आणखी ढीगभर काळी नावं घुसडली, न विचारता. मतं फुटली. डाव ओळखीचा वाटतो ना? आपल्या वॉर्डात आपलाच माणूस आपल्याविरुद्ध उभा करायला पैसा कुठनं येतो, ते आठवा.

मग त्यांनी ठरवलं, दुसऱ्याच्या पक्षात जाऊन पाय चेपायचे नाहीत. अलाबामातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची निशाणी पांढरा कोंबडा, आणि त्याच्याभोवती गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा लिहिलेली. असल्या कोंबड्याला काळ्यानं मत द्यायचं? त्यांनी आपला पक्ष काढला, लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन. अडाणी माणसालाही शिक्का मारता यावा म्हणून निशाणी हवी. निशाणीचं राजकारण आपल्याला नवं नाही, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती आपल्या आजोबांनी गावोगाव नेला. तशी त्यांनी निशाणी घेतली काळा पँथर. कोंबड्याला खाणारा.

म्हणजे पँथर जन्मला तो काउंटीच्या निवडणुकीत. शेरीफच्या, कर ठरवणाऱ्याच्या, कर गोळा करणाऱ्याच्या, शाळेच्या मंडळाच्या जागांसाठी. हे आपण विसरलो. नोव्हेंबर १९६६ मध्ये पँथरचे सात उमेदवार उभे राहिले. सातही पडले. मालकांनी ट्रकमधनं कुळं भरून आणली आणि कोंबड्यावर शिक्के मारून घेतले. पण चार वर्षांनी, १९७० ला, त्यांचा पुढारी जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आला. ज्या काउंटीत पाच वर्षांपूर्वी काळं नाव यादीत नव्हतं तिथं पोलिसांचा मुख्य काळा. ह्यूलेट २२ वर्षं शेरीफ राहिला. पुढं बाकीच्या खुर्च्यांवरही काळी माणसं येत गेली.

सिनेमा असता तर इथंच संपला असता. पडदा, टाळ्या, निळं आकाश. पण मी गटाराची गोष्ट सांगायला बसलोय.

आजची लाउंड्स बघा. १९६० च्या सुमाराला पंधरा हजारांवर माणसं होती. २०२० च्या जनगणनेत दहा हजार राहिली. अजून बहुसंख्य काळी, अजून गरीब. आणि कित्येक घरांच्या मागं उघड्यावर घाण. संडासाची नळी घरामागं थोडी पुढं नेलेली, आणि तिचं तोंड सरळ जमिनीवर सोडलेलं. पाऊस आला की सगळं अंगणात. हेनव्हिलमध्ये सांडपाण्याचं तळं आहे, तिथं नळी जोडलेल्यांच्या घरातही मुसळधार पावसात घाण उलटी येते. २०१७ मध्ये एक अभ्यास छापून आला. ५५ माणसं तपासली होती, त्यातल्या १९ जणांत अंकुशकृमीची लागण दाखवणारे अंश सापडले. हा जंत अमेरिकेतनं हद्दपार झाला असं मानलं जात होतं. तपासलेली माणसं थोडी, त्या आकड्यावर पुढं वादही झाले. पण अंगणातल्या घाणीवर वाद कोण घालणार? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी फिलिप अल्स्टन ही वस्ती पाहून गेले, आणि पुढारलेल्या जगात असलं दृश्य दिसत नाही, असं म्हणाले.

साहेब लोक सांगतात, मातीचा दोष. तिथली माती चिकण, पाणी जिरत नाही, म्हणून साधी सेप्टिक टाकी चालत नाही. खरं आहे. पण हीच ती काळी माती, जिच्यावर गुलामांकडनं कापूस काढून गोऱ्यांनी वाडे बांधले. कापूस पिकवताना माती चांगली होती. काळ्यांची घाण जिरवायची वेळ आली की माती वाईट?

आता कायदा ऐका. जिथं सार्वजनिक गटार नाही तिथं घरमालकानं स्वतःच्या खर्चानं टाकी बसवायची. त्या मातीत चालेल अशी टाकी १५ ते ३० हजार डॉलरांची, कित्येक घरांच्या वर्षभराच्या कमाईएवढी. न बसवली तर गुन्हा. दंड, खटला, अटकेची भीती. सरकारनं गटार द्यायचं नाही, आणि गटार नाही म्हणून माणसाला गुन्हेगार करायचं! आपल्याकडं गटारात उतरायला एका जातीचा माणूस लागतो. २०१३ चा कायदा झाला तरी तो उतरतोच आणि मरतोच. तिथं गटारच दिलं नाही आणि घाणीत राहिल्याबद्दल बेड्या दाखवल्या. रीत वेगळी, पण घाण ज्याच्या वाट्याला टाकायची तो माणूस आधीच ठरलेला.

घराचंही तेच. टाकीची परवानगी नाही तर नवं घर नाही. मग चाकावरचं पत्र्याचं तयार घर कर्जानं घ्यायचं. जमिनीची किंमत वाढते, त्या पत्र्याची दरवर्षी उतरते. ज्यांच्याकडं जमिनीचा तुकडा आहे त्यांचा कागद धड नाही. आजोबा मृत्युपत्र न करता गेला, जमीन सगळ्या वारसांची सामाईक, कुणा एकाच्या नावावर नाही. सामाईक सातबाऱ्यावर बँक दारात उभी करत नाही हे आपल्याला माहीत आहे. तिथंही करत नाही. सरकारी मदतही अडते. असं करत करत दक्षिणेतल्या काळ्यांच्या कितीतरी जमिनी लिलावात गेल्या.

आता माझा खरा प्रश्न. शेरीफ काळा झाला, कचेरी काळ्यांच्या हातात आली, तरी गटार का आलं नाही? ह्यांनीही पैसे खाल्ले का? काहीजण लगेच तसं म्हणतील. आपल्याकडंही दलित सरपंच झाला की सवर्ण पारावर हेच बोलतात, “बघा, दिली ना खुर्ची? काय दिवे लावले?” म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

उत्तर करात आहे. गटार पैशानं होतं. पैसा करातनं येतो. आणि लाउंड्ससारख्या काउंटीत कर बसवण्यासारखी चीज एकच, जमीन. शेतं आणि इमारती लाकडाची जंगलं. आता बघा काय झालं ते. अलाबामाची तेव्हाची राज्यघटना १९०१ सालची होती. गोऱ्यांचं वर्चस्व कायद्यानं कायम करायचं हे ती लिहायला बसलेल्यांनी उघड सांगितलं होतं. त्या घटनेनं काउंटीचे हात आधीच बांधून ठेवले, लहानसहान गोष्टीलाही राज्याच्या विधिमंडळाकडं धाव घ्यायची. १९७१ मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं, मालमत्तेची आकारणी सगळीकडं एकसारखी करा. त्याच सुमाराला काळे निवडून यायला लागले होते. जमीनदारांच्या पोटात गोळा उठला. १९७२ ला एक घटनादुरुस्ती झाली, १९७८ ला दुसरी. शेतजमीन आणि जंगल बाजारभावानं मोजायचं नाही, चालू वापराच्या किमतीनं मोजायचं. त्या किमतीच्याही फक्त १० टक्क्यांवर कर धरायचा. वर एकूण कराला झाकण. आणि काउंटीला कराचा दर वाढवायचाच असेल तर तीन उंबरे ओलांडायचे. आधी सुनावणी घेऊन प्रस्ताव, मग राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी, मग लोकांचं मतदान. बहुसंख्य काळ्यांची काउंटी, पण तिच्या कराची किल्ली गोऱ्या बहुमताच्या विधिमंडळात!

कळलं का दोस्तांनो? खुर्ची आपल्या हातात आली तेव्हा तिजोरी वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली होती. कुणी गोळी झाडली नाही, कुणाला तंबूत पाठवलं नाही. फक्त घटनेत चार ओळी घातल्या. शाळांचं तेच केलं. काळी पोरं सरकारी शाळेत येणार म्हटल्यावर गोऱ्यांनी खासगी शाळा काढली आणि आपली पोरं तिकडं नेली. मग ज्या शाळेत आपली पोरं नाहीत तिच्यासाठी आपल्या जमिनीवर कर कशाला? २०११ मध्ये ह्या करपद्धतीवरचा एक खटला फेडरल कोर्टात निकाली निघाला. न्यायाधीशानं तिचा वंशद्वेषी इतिहास पानंच्या पानं लिहिला, गरीब खेड्यांतल्या शाळांचे हाल मान्य केले, आणि तरी दाद मागणारे हरले.

म्हणून मी म्हणतो, लाउंड्सची काळी माणसं नालायक निघाली नाहीत. त्यांना मोकळ्या पेटीची किल्ली दिली गेली.

ती गप्पही बसली नाहीत. त्याच काउंटीत वाढलेली कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स ही बाई वर्षानुवर्षं घरोघरी फिरली, अंगणातली घाण मोजत, लिहून काढत. २०१८ मध्ये सरकारकडं तक्रार गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं नागरी हक्काच्या कायद्याखाली चौकशी लावली. मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला. गटार नाही म्हणून लोकांवर खटले भरणं थांबवा, कुठं किती घाण आहे त्याची पाहणी करा, दुरुस्तीची योजना आखा. आणि एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या नव्या सरकारनं तो करार मोडून टाकला. कारण काय दिलं? म्हणे हा विविधता-समतेच्या धोरणाचा प्रकार आहे, आणि ती धोरणं आता बंद. घरामागची घाण काढणं ही कुणावर मेहेरबानी आहे, असा हिशोब! २०२१ ला न्याय आणि २०२५ ला मेहेरबानी. वरच्याच्या मर्जीवर मिळालेला हक्क किती दिवस टिकतो ते बघा.

आता कुणी म्हणेल, हे अमेरिकेचं रडगाणं आम्हाला कशाला? त्याला माझं उत्तर असं की आपण त्यांचं नाव लावतो. नाव लावायचं आणि ज्या घरातनं नाव आलं त्या घरात काय चाललंय ते विचारायचं नाही, ही पोज झाली, चळवळ नव्हे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. बाबासाहेबांना त्यांच्या घोषणेत रस नव्हता, त्यांचा कागद बघायचा होता.

तर आपणही कागद बघू. आपल्याकडं १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं गावात राखीव सरपंच आला. शहरात राखीव वॉर्डातनं नगरसेवक येतो. आपण गुलाल उधळतो, डीजे लावतो, बॅनरवर चाळीस फोटो छापतो. दुसऱ्या दिवशी कुणी विचारतं का, ह्या खुर्चीच्या हातात पैसा किती, आणि तो कुठं अडवलाय? ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असा महाराष्ट्रात नियम आहे. तुमच्या गावानं गेल्या साली किती खर्च केले? गायरानावर आपल्या किती माणसांची घरं आणि पिकं आहेत, त्यातली १४ एप्रिल १९९० च्या आधीची किती, आणि १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणं त्यातली किती नावावर झाली? शहराच्या विकास आराखड्यात आपल्या वस्तीवर कुठला रंग मारलाय? ड्रेनेजची मोठी लाइन आपल्या गल्लीच्या तोंडाशी का थांबते, आणि पलीकडच्या टॉवरला तीच कशी वळून जाते?

हे विचारायला कविता यावी लागत नाही. बजेटचं पुस्तक उघडावं लागतं. ते कंटाळवाणं आहे मला माहीत आहे. त्यात आकडे असतात, कलमं असतात, बारीक अक्षर असतं. पण आपल्याला मारायचं असतं ते बारीक अक्षरातच. अत्याचार झाला की आपण रस्त्यावर उतरतो, उतरलंच पायजे. पण ज्या दिवशी कराची सवलत मंजूर होते, आरक्षित भूखंड निवासी होतो, गटाराची रक्कम दुसऱ्या वॉर्डात वळवली जाते, त्या दिवशी सभागृहाच्या गॅलरीत आपलं एक पोरगं नसतं. लाउंड्समध्ये १९७८ साली जे झालं ते आपल्याकडं रोज, टिपणीवर सही होऊन होतंय.

लाउंड्सच्या माणसांनी बंदुकीला भिऊन मत सोडलं नाही. तंबूत राहिली, गोळ्या झेलल्या, पँथरवर शिक्का मारला. त्यांचं ते उपकार म्हणून आपण नाव घेतलं. पण त्यांची अर्धी लढाई राहिली आहे, जमिनीची आणि कराची, आणि ती आपलीही राहिली आहे. मत मिळालं, खुर्ची मिळाली, आता तिजोरीची किल्ली कुठल्या मजल्यावर आहे ते शोधा.

पुढच्या वेळी भिंतीवर पँथर काढाल तेव्हा त्याच्या पायाखाली त्या वॉर्डाच्या गटाराचा मंजूर आकडा आणि खर्च झालेला आकडा लिहा. लोक थांबून वाचतील. आणि ज्यांनी वाचू नये असं वाटतं, ते रात्रीत भिंत पुसायला येतील. तेव्हा समजा, शिक्का बरोबर जागी बसला.

जय भीम.